चार दिवस चारा, पाचव्या दिवशी गळ

सहाव्या दिवशी सकाळी बरोब्बर सहा वाजून दहा मिनिटांनी जाग आली. अलार्म लावलेला नव्हता, सुट्टी संपलेली होती, ऑफिसला पोचायचं साडेदहाला, म्हणजे उठायचं काहीच कारण नव्हतं. पंखा फिरत होता, कचरागाडीचं गाणं अजून सुदामा नगरच्या त्या टोकालाच कुठेतरी वाजत होतं, आणि डोक्यात एवढंच आलं की आता ते तिथे आले असतील. सहा दहाला. आपल्या जागेवर. साडेपाच फूट पाण्याखाली, चिखलापासून वीतभर वर, समोरची बाभूळ आणि विजेचा खांब एका रेषेत येतात तिथे.

ते म्हणजे मासे. आणि आज तिथे कुणीही जाणार नव्हतं.

झालं असं की दसऱ्यानंतर काकांचा फोन आला, पाणी निवळलंय, थंडी पडायच्या आत एकदा जाऊ या, तू गाडी चालव. काका शहात्तरचे. कापडाच्या मिलमध्ये स्पिनिंग खात्यात होते, इंदूरच्या मिला एकामागोमाग बंद पडत गेल्या त्यात त्यांचीही गेली, आणि ज्या माणसाने वीस-बावीस वर्षं भोंग्यावर उठून डबा घेऊन घर सोडलं त्याला एकदम सकाळी जायला जागाच उरली नाही. मग त्यांनी जागा शोधली. सायकलला दोन काठ्या बांधून आधी बिलावली तलावाकडे, मग लांबलांबचे गावतलाव. काकू सांगते, सुरुवातीचे सहा महिने ते रोज रिकाम्या हाताने यायचे आणि तरी चेहरा मिलमधून आल्यासारखा असायचा. दमलेला पण ठीक. आता गुडघे साथ देत नाहीत, सायकल माळ्यावर आहे, म्हणून मी. शनिवार-रविवार धरून तीन रजा टाकल्या आणि पाच दिवस त्यांचा ड्रायव्हर झालो.

पाच दिवस कशाला, तर एका दिवसात काकांची मासेमारी होतच नाही. पहिले चार दिवस फक्त खाऊ घालायचं. काठी गाडीतसुद्धा ठेवायची नाही. ठेवली की हात वळवळतो म्हणे.

चाऱ्याचं काम आदल्या रात्री गच्चीत चालायचं. शेंगदाण्याची पेंड ठोकून पाण्यात भिजत घालायची, त्यात गव्हाचा कोंडा, भाजलेल्या चण्याचं पीठ, तव्यावर काळपट होईस्तोवर भाजलेली मेथी कुटून, आणि सकाळी काठावर पोचल्यावर त्याच तलावाची मूठमूठ माती. माती नसेल तर लाडू पाण्यात पडताच फुटतो आणि वरच्यावर सगळा तिलापियांचा, म्हणजे आगंतुक बारक्या माशांचा, भंडारा होतो. मातीने तो जड होतो, तळाला जातो, आणि तिथे बसून हळूहळू सुटतो, जसा गुळाचा खडा चहात सुटतो. मेथीचा तो वास माझ्या गाडीच्या सीटमध्ये अजून आहे, बायको म्हणते कोणाच्या तरी बाळंतपणाची तयारी चालली आहे असं वाटतं. मी काकांना म्हटलं, थोडं जीरावन, पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला, पण टाकू या, इंदूरचे मासे आहेत, त्याशिवाय पोहे तरी कुठे उतरतात. काका हसले नाहीत. या विषयावर ते हसत नाहीत.

खंडवा रोडला तेजाजी नगर गेलं की शहर संपतं असं आम्ही लहानपणापासून म्हणतो आणि दर वर्षी ते थोडं पुढे संपतं. सिमरोलला, आयआयटीचं गेट यायच्या आधी, एक पोहेवाला अंधारातच पातेलं लावून बसलेला असतो. खाली पाणी उकळतंय, वर वाफेवर पोहे, वर पिवळा बल्ब. तिथून दोन पुड्या बांधून घ्यायच्या, कांदा वेगळा, शेव वेगळी. मग डावीकडे कच्चा रस्ता, आणि तलाव. मोठा नाही, गावाचाच. त्याचा मासेमारीचा पट्टा ज्या समितीकडे आहे तिचा माणूस काकांना ओळखतो, एका काठीचे शंभर रुपये घेतो आणि चहा पाजतो. नियमाच्या बाबतीत काका कडक. सोळा जून ते पंधरा ऑगस्ट आपल्याकडे मासेमारी बंद असते, तेव्हा काठ्या कापडात गुंडाळून पलंगाखाली. बाकीचे लपूनछपून जातात त्यांच्याबद्दल ते जे बोलतात ते इथे लिहिता येत नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी फक्त खोली मोजली. गळाला शिशाचा गोळा अडकवून पाण्यात सोडला, मोरपीस खाली गेलं. पीस म्हणजे फ्लोट, मोरपिसाच्या देठाचं, जाडजूड पांढरं, टोकाला काकूच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. काका त्याला पीसच म्हणतात आणि नायलॉनच्या लाईनला सूत. पीस बुडलं म्हणजे पाणी जास्त खोल. वर ओढलं, पीस चार बोटं सरकवलं, परत सोडलं. परत बुडलं. परत चार बोटं. सातव्या वेळी लाल ठिपका तेवढा पाण्यावर राहिला. मग त्या सुतावर काकांनी गाठ मारली, पांढऱ्या दोऱ्याची, मिलमध्ये तुटलेला धागा जोडताना मारतात तशी एका हाताने, आणि मला म्हणाले आता समोर बघ, बाभूळ आणि खांब. पाण्यावर खूण करता येत नाही म्हणून काठावरच्या दोन गोष्टी ओळीत धरायच्या. हे मला फार आवडलं. मी नंतर ऑफिसातही खुर्चीतून बघत होतो, एसी आणि कॅलेंडर.

मग लाडू. रोज चार. पाचवा नाही. काकांचं म्हणणं, उपाशी ठेवायचं नाही आणि पोटही भरू द्यायचं नाही. जास्त टाकलं तर पेंड तळाला पडून आंबते, पाणी खराब होतं, मासा तोंड फिरवतो. कमी टाकलं तर वेळ कोण लक्षात ठेवणार. एक जागा, एक वेळ, एक चव. सहा वाजून दहा मिनिटं.

आणि तिथे ती पोरगी आली.

दहा-अकरा वर्षांची असेल, सात-आठ बकऱ्या, हातात बाभळीची फोक, अंगात मोठ्या भावाचा असावा असा शाळेचा स्वेटर. पहिल्या दिवशी लांबून बघत उभी राहिली. मग जवळ. "क्या कर रिये हो दादाजी?" काका म्हणाले, खिला रहे हैं. किसको? मछली को. क्यूँ? काकांनी हातातला लाडू दाबत, तिच्याकडे न बघताच सांगितलं, "भूख लगी होगी बेटा।" मी हसलो. आता आठवतं की मी हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या आधी तिथे होती. काकांनी चारातला एक लाडू तिला दिला, कुठे टाकायचा ते दाखवलं, आणि तिचा हात आमच्यापेक्षा सरळ निघाला, बकऱ्यांना खडे मारून मारून असणार. डुबुक. वर्तुळं आमच्या पायापर्यंत आली. तिसऱ्या दिवशी तिने मागितला नाही, नुसता हात पुढे केला. चौथ्या दिवशी लाडू पडल्यावर मिनिटभरात त्या जागी बुडबुडे यायला लागले, बारीक, मोहरीएवढे, घोसच्या घोस. खाली कुणीतरी चिखलात तोंड खुपसून खात होतं. काकांनी माझा दंड धरला. ती पोरगी एकदम कुजबुजत म्हणाली, "आ गए।" अगदी घरी पाहुणे आल्यावर म्हणतात तसं.

मला तेव्हा आई आठवली. दर कार्तिकात आई आम्हाला महेश्वरला न्यायची. अहिल्याबाईंच्या घाटावर उतरलं की आधी दिवा नाही, फोटो नाही, आधी स्टीलचा डबा उघडायची. त्यात घरून मळून आणलेल्या कणकेच्या गोळ्या, बोराएवढ्या. घाटावर विकत मिळायच्या पण त्यात किडकं पीठ असतं असं तिचं मत. पायरीवर बसून एकेक टाकायची, आणि पाणी उकळल्यासारखं व्हायचं, तोंडंच तोंडं, गोल, उघडी, करडी, एकमेकांवर चढणारी. मला भीती वाटायची, पायरीवरून पाय वर घ्यायचो. आई म्हणायची मुक्या जीवाला घातलेलं थेट पोचतं. कुठे पोचतं ते कधी विचारलं नाही. आम्ही कायस्थ, होळकरांच्या चाकरीत कधीतरी कुलाब्याकडून इकडे आलो आणि समुद्र मागे राहिला तो राहिलाच, घरी मासा म्हणजे सण. त्यामुळे घाटावर पुण्य आणि परतताना कुणाकडे ताजी रोहू मिळते का याची चौकशी, एकाच दिवसात, एकाच पिशवीत. कुणालाही त्यात काही विचित्र वाटायचं नाही. १९७८ साली नर्मदा पाइपातून इंदूरच्या नळाला आली तेव्हा आमच्या आजीने नळाला हळदकुंकू वाहिलं आणि संध्याकाळी त्याच पाण्याने मासे धुतले, असं काका सांगतात. काकांचं अजून एक. नर्मदेत लहानपणी त्यांनी बाडस बघितलाय, महाशीर, मंडलेश्वरच्या बाजूला, मांडीएवढा. २०११ साली तो मध्य प्रदेशचा राज्यमासा झाला. पद मिळालं की दिसेनासे होतात, काका म्हणतात, मासे काय नि माणसं काय.

पाचवा दिवस. बुधवार. पोहे घेतले, खाल्ले नाहीत, हाताला तेलाचा वास नको म्हणून. काठावर धुकं नव्हतं पण पाण्यातून वाफ निघत होती. काकांनी अर्धाच लाडू टाकला, चिमटीने कुस्करून. गळाला लावायची कणिक वेगळी असते, हळद, थोडं अंडं, आणि कापूस. हो, कापूस. पिंजून, बारीक तंतू करून कणकेत मळतात म्हणजे ती गळावरून सुटत नाही. काका हे करताना मी बघत बसतो. अंगठा आणि दोन बोटांत कापूस असा काही विरघळतो की तो कधी होता की नाही कळत नाही. वाटाण्याएवढी गोळी, गळाचं टोक आत लपलं, पाण्यात सोडली. पीस आडवं पडलं, मग शिसं खाली बसलं तसं हळूच उभं झालं, लाल ठिपका तेवढा वर. पुढचा दीड तास मी त्या ठिपक्याखेरीज काही बघितलेलं नाही.

ज्यांनी हे केलेलं नाही त्यांना कंटाळवाणं वाटेल, माझ्या मुलाला वाटतं, तो एकदाच आला आणि रेंज शोधत फिरला. पण ठिपका बघणं म्हणजे नुसतं बसणं नाही. तो सतत काहीतरी सांगत असतो. टुकटुक टुकटुक, अस्वस्थ, म्हणजे तिलापियाची पोरं, कणिक कुरतडतायत. बाजूला सरकतो आणि थांबतो, म्हणजे कुणीतरी मोठं सुताला घासून गेलं, खात नाहीये. कटला वरवर फिरतो, रोहू मधल्या पाण्यात, मृगळ तळाशी, पुस्तकात असंच असतं, पण चार दिवस तळाला जेवण वाढल्यावर रोहूपण खाली वाकते. ती आमिष उचलते तेव्हा तळाचं शिसं पण उचललं जातं, आणि पीस बुडायच्या ऐवजी वर येतं. हे मला अजून जादूसारखं वाटतं. आपण सगळे बुडण्याची वाट बघतो आणि ते वर उठतं, बोटभर, दोन बोटं, मग दमल्यासारखं पाण्यावर आडवं होतं. त्याच क्षणी काठीला झटका मारायचा. नवशिके तेव्हा काय झालं काय झालं म्हणत राहतात.

खंड्या एकदा खांबाच्या तारेवरून खाली येऊन गेला. आम्ही दोघं एक शब्द बोललो नव्हतो.

मागून बकरीच्या गळ्यातली घंटी वाजली. ती आली, काकांच्या बाजूला उभी राहिली आणि हात पुढे केला, चार दिवसांच्या सवयीने. मग तिला काठ्या दिसल्या. एक बांबूची, एक फायबरची, दोन्ही फाट्यांवर टेकलेल्या. तिने पाण्याकडे बघितलं, पिसाकडे, कणकेच्या डबीकडे. "आज काँटा डाल रिये हो?"

"हाँ बेटा," काका म्हणाले.

ती जरा वेळ गप्प. आवाजात राग वगैरे काही नव्हता, खरंच विचारत होती, गणित न सुटल्यावर विचारतात तसं. "फिर भूख किसको लगी थी?"

काकांकडे उत्तर असतं. कुठल्याही गोष्टीवर असतं, युनियनवाल्या माणसाकडे असतंच. ते काहीच बोलले नाहीत. पंज्यात उरलेला अर्धा लाडू होता तो तिच्या हातावर ठेवला. तिने तो घेतला, दोन पावलं मागे गेली, आणि आमच्या जागेवर नाही तर उजवीकडे, लांब, वाकलेल्या बोरीच्या पलीकडे भिरकावला. सरळ हात होता तिचा, मी आधीच म्हटलं. चुकून गेला नाही तो.

नंतरची वीस मिनिटं पीस मेल्यासारखं उभं. मग सात चाळीसच्या सुमारास ते वर उठलं. एक बोट. दोन बोटं. काकांनी काठी उचलली, बांबूची, आणि ती अशी वाकली की टोक पाण्यात गेलं. रोहू होती, सव्वादोन किलो, नंतर भाजीवाल्याच्या काट्यावर केली. सात-आठ मिनिटं ती तळाशी बसून राहिली, ओढत नव्हती, नुसती हलायला तयार नव्हती, काका सुतावर बोट ठेवून उभे, गुडघे थरथरताना दिसत होते तरी मला हात लावू दिला नाही. जाळीत आली तेव्हा उन्हात खवल्यांच्या कडा तांबूस. ओठ जाड, झालरीचा, आणि ओठावर अजून पिवळी कणिक चिकटलेली. मी ओरडलो वगैरे. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. फार आनंद झाला. वळून बघितलं तर पोरगी आणि बकऱ्या पाळीवरून पलीकडे उतरत होत्या.

परतताना भेरूघाटाकडून येणाऱ्या ट्रकांच्या मागे अडकलो आणि काकांनी आपण होऊन विषय काढला. म्हणजे उत्तर त्यांनी तेवढ्यात तयार केलं होतं. म्हणाले, या तलावात जन्मलेली एकसुद्धा रोहू नाही. ती साचलेल्या पाण्यात वीण करत नाही, तिला पूर लागतो, वाहतं पाणी लागतं. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन आपल्याकडच्या रोहू-मृगळासारख्या माशांची वीण करून दाखवली, त्यातूनच पुढे बीज, म्हणजे माशांची पिल्लं, हॅचरीतून यायला लागलं. प्लास्टिकच्या पिशवीत ऑक्सिजन भरून, नखाएवढं असल्यापासून. आणि पहिल्या दिवसापासून त्यांना माणूसच खायला घालतो, कोंडा आणि पेंड, मोठं करून विकायलाच ना. "मग मी काय वेगळं केलं रे? माझे तर चारच दिवस." मी म्हटलं, बरोबर आहे. थोड्या वेळाने ते म्हणाले, राजेलोक पण करायचे. कल्याणीच्या चालुक्यांच्या सोमेश्वराने बाराव्या शतकात मानसोल्लासात गळाने मासे धरण्यावर वेगळा भाग लिहिलाय, माशांना काय चारायचं तेसुद्धा. हे त्यांना मीच कधीतरी सांगितलं होतं. त्यांनी ते माझ्यावरच टाकलं. मी परत म्हटलं, बरोबर आहे. तेजाजी नगर येईपर्यंत मग कोणी बोललं नाही. पोह्यांच्या पुड्या डॅशबोर्डवर गार.

काकूने मासा बाहेरच्या मोरीत साफ केला. मला बोलावून काकांनी घशातले दात दाखवले, रोहूच्या जबड्यात दात नसतातच, ते आत घशात असतात, दाढांसारखे. आणि पोट पण नसतं. आपल्यासारखी पिशवी नाही, खाल्लेलं सरळ आतड्यात, म्हणून ती दिवसभर थोडं थोडं खात राहते, एकदम भरून ठेवायची सोयच नाही. आतडं मात्र लांबच लांब, गुंडाळी केलेलं, काकूने बोटाने उलगडलं तर संपेना. फाटलं तिथून पेंड बाहेर आली, शेंगदाण्याची लाल टरफलं ओळखू येत होती. मेथीचा वास आला असं मला वाटलं, काकू म्हणाली काहीतरीच. चिंच आणि हळद-मीठ लावून तासभर ठेवला, तळ्याच्या माशाचा मातकट वास जायला, मग आलं-लसणीच्या जाड वाटणात कालवण. मी तीन तुकड्या खाल्ल्या. चौथीपण खाल्ली असती. काका एकीवरच थांबले, म्हणाले पोट जड आहे.

दुसऱ्या दिवशीचं सुरुवातीला सांगितलंच, ते सहा दहा. नंतरही दोन-तीन दिवस त्याच वेळेला जाग यायची. चार दिवसांत त्यांना सवय लागते तर आपल्याला पण लागतेच, आतडं काय नि डोकं काय. अंथरुणात पडल्यापडल्या ते बुडबुडे दिसायचे. बाभूळ आणि खांब. वरून काही येत नाहीये, ते फिरून फिरून जातायत. एवढ्यावरून रजा काढून पस्तीस किलोमीटर जाऊन लाडू टाकून येण्याइतका मी वेडा नाही. पण गच्चीत पेंडीची बादली तशीच पडली होती, ती धुतली नाही एवढं खरं.

पुढच्या ना त्याच्या पुढच्या रविवारी काकांनी स्वतःच फोन केला. चारा घालायला दिवस नाहीत, असंच जाऊ, जागा तयार आहे. गेलो. पाळीवर चढलो तर पोरगी आधीच बसलेली, बोरीच्या पलीकडे, पाय पाण्यात. मांडीवर फडक्यात शिळी भाकर, तिचे तुकडे करून एकेक टाकत होती. समोर पाणी हलत होतं. आम्हाला बघून उठली नाही, पळाली नाही. काकांनी आपल्या जागेवर स्टूल मांडलं, कणिक लावली, पीस उभं केलं. पाऊण तास ठिपका जिथल्या तिथे, तिलापियासुद्धा नाही. तिच्याकडे मात्र मोहरीएवढे बुडबुडे, घोसच्या घोस.

ती तिथूनच ओरडली, "दादाजी, वो अब उधर नी आते। इधर आते हैं।"

मी माझी काठी गुंडाळायला लागलो, बोरीकडे जायला म्हणून. वीस पावलंसुद्धा नव्हती. काका पिसावरची नजर न काढता म्हणाले, "बस खाली."

बसलो. पोह्यांची पुडी उघडली. या वेळी गरम होते अजून.